जुने फोटो लाइटरूममध्ये घेताना फोल्डरांची रचना कशी टिकवावी?

प्रश्न: माझे जुने फोटो बाह्य हार्ड डिस्कवर वर्षवार लावलेले आहेत. लाइटरूम क्लासिक या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करताना प्रती न होता हीच रचना कायम राहील का?

उत्तर १: राहील. इम्पोर्टच्या खिडकीत वरच्या बाजूला 'कॉपी' किंवा 'मूव्ह'ऐवजी 'ॲड' निवडावे. मग फोटो जागचे हलत नाहीत, कॅटलॉगमध्ये (लाइटरूमच्या नोंदवहीत) केवळ त्यांचा पत्ता, प्रीव्ह्यू आणि तुम्ही केलेल्या संपादनाची नोंद साठते.

उत्तर २: म्हणूनच, आणि हे फार महत्त्वाचे आहे, यापुढे फोल्डरांची हलवाहलव किंवा नावबदल लाइटरूमच्या आतूनच करावा, अन्यथा पत्ता हरवून फोटोवर उद्गारचिन्ह दिसू लागते. शिवाय कॅटलॉगच्या बॅकअपमध्ये मूळ फोटो नसतात. त्यांची प्रत वेगळी ठेवावीच.

प्रश्नकर्ता: डिस्क जोडलेली नसताना संपादन शक्य आहे का?

उत्तर १: इम्पोर्टच्या वेळीच स्मार्ट प्रीव्ह्यू (संपादन करता येण्याजोग्या छोट्या प्रती) तयार केलेत, तर नक्कीच.