ज्वालामुखीचं बेट आणि परतीची शेवटची बस: अनुभव लिहा

स्वारगेटवरून वेल्ह्याची एसटी पकडायची, तोरणा चढायचा, डोंगरधारेने राजगडावर जायचं, गुंजवण्याला उतरायचं आणि मिळेल त्या वडापने नसरापूर फाटा गाठायचा. पुण्यातल्या ट्रेकरला यात काही वेगळं वाटत नाही. तीच मंडळी परदेशात गेली की आधी भाड्याची गाडी का शोधतात, हे मला कळत नाही.

म्हणून हा धागा. बेट ज्वालामुखीचं असावं आणि प्रवास तिथल्या साध्या सरकारी-निमसरकारी बसचा असावा. टूरवाल्यांच्या मिनीबस चालणार नाहीत. कुठे उतरलात, कसे परतलात ते लिहा, सूर्योदयाचं वर्णन थोडक्यात आटपा.

माझं मत आधीच सांगतो. बसने पैसे वाचतात ते ठीक, पण खरा फायदा आडव्या ट्रेकचा. गाडी लावली की ती आणायला त्याच जागी परतावं लागतं. बसवाला एकीकडून चढतो आणि दुसरीकडे उतरून मोकळा होतो.

कोथरूड

मी आणि माझी नणंद, दोघी साठीच्या पुढच्या. तेनेरिफेला गेलो होतो. बेट स्पेनचं, पण आहे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ. मधोमध तेइदे हा ज्वालामुखी, ३,७१५ मीटर, अख्ख्या स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. भाचा म्हणाला, "मावशी, गाडीशिवाय वर जाताच येणार नाही." त्याला गप्प करायचं म्हणून मी वेळापत्रक धुंडाळलं.

उत्तरेकडच्या प्वेर्तो दे ला क्रूझहून ३४८ नंबरची बस सकाळी वर जाते आणि दुपारी चारच्या सुमारास परत निघते. आम्ही गेलो तेव्हा दिवसाला एवढी एकच फेरी होती, त्यामुळे स्टँडवर बरीच आधी रांग लागते. खाली केळीच्या बागा, मग पाइनचं जंगल, मग दाट ढग. वायपर चालू करावा लागला इतकं धुकं होतं, आणि चार वळणांनंतर लख्ख ऊन! ढग सगळे खाली राहिले.

बहुतेक लोक रोपवेपाशी उतरतात. आम्ही आधीच, एल पोर्तियोला उतरलो आणि सिएते कान्यादासची वाट धरली. सुमारे सोळा किलोमीटर, जवळजवळ सपाट. एका बाजूला जुन्या ज्वालामुखीची खचलेली भिंत, दुसऱ्या बाजूला तेइदे, आणि मध्ये परातीसारखा पसरलेला मुलूख. चढ नाही म्हणून सोपं समजू नका. दोन हजार मीटरच्या वरची उंची आहे आणि सावली औषधालाही नाही. पाणी सगळं पाठीवर न्यावं लागतं. मे अखेरीस गेलात तर ताहिनास्तेचे लाल तुरे दिसतील, माणसाहून उंच.

वाट संपते तिथे पारादोर नावाचं सरकारी हॉटेल आहे आणि दारातच बस थांबते. सकाळी उतरताना चालकाने चार बोटं दाखवून "पारादोर, पारादोर" असं दोनदा बजावलं होतं. साडेतीनला पोचलो, कॉफी झाली, बस आली. गाडीवाल्यांना हीच वाट सोळा किलोमीटर उलटी तुडवावी लागली असती.

शिखरावर गेलो नाही. रोपवे ३,५५५ मीटरपर्यंत नेतो, पण शेवटच्या टप्प्याला आगाऊ परवाना लागतो. शिवाय लोंबकळत वर जायचं या कल्पनेनेच नणंदेने हात जोडले.

कर्वेनगर

कोथरूडच्या काकूंना दंडवत! भरीला भर: त्याच बसने मोंतान्या ब्लांकाच्या थांब्यावर उतरता येतं. जमीन पिवळसर, पायाखाली प्युमिसचा, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या हलक्या सच्छिद्र दगडाचा चुरा, आणि त्यावर लाव्ह्याचे काळे गोल धोंडे विखुरलेले, काही तर खोलीएवढे. त्यांना तिथे 'तेइदेची अंडी' म्हणतात. लाव्हा उतारावरून घरंगळताना त्यावर थर चढत जाऊन ते बनले आहेत. मी त्यांच्यापर्यंत जाऊन परतलो, दिवस सत्कारणी लागला.

वानवडी

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे हनिमूनच आठवतो, पण बेट ज्वालामुखीचं आहे आणि डोंगर झकास आहेत. पोर्ट लुईहून सेंट पिएरच्या बाजूची बस घेतली. कंडक्टर होता, तिकीट फाडून देणारा! त्याला 'ल पूस' एवढंच सांगितलं, त्याने बरोबर जागी उतरवलं. आधी उसाच्या मळ्यातून गाडीवाट, मग झाडी, आणि शेवटी अंगठ्यासारख्या वर आलेल्या सुळक्यावर हातापायांनी चढायचं. उंची ८१२ मीटर. १८३६ साली डार्विनही इथे चढून गेला होता.

आम्ही दुसऱ्या बाजूने थेट पोर्ट लुईत उतरलो. हा उतार ओला असला तर बेभरवशाचा, बुडावर बसून उतरायची तयारी ठेवा. खाली आलो ते चिखलाच्या पँटनिशी राजधानीच्या गल्लीत.

बसमध्ये शेजारी एक आजी होत्या. आम्ही आपसात बोलत होतो ते ऐकून म्हणाल्या, "मराठी?" त्यांचे पूर्वज कोकणातून गेलेले. बोलणं तुटक, पण 'सुखकर्ता' अख्खी पाठ. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हे त्यांनीच सांगितलं. ज्येष्ठांना बस फुकट आहे, म्हणून त्या रोज कुठेतरी फिरून येतात म्हणे.

एक सावधगिरी: गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. सहानंतर कुणाच्या भरवशावर राहू नका.

शिवाजीनगर, भूशास्त्राची विद्यार्थिनी

वानवडीकर, तुम्ही एका अर्थाने सिंहगडाच्या भावकीत जाऊन आलात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटवरून (जिथे पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येत राहतो ती जागा) आपला दख्खनचा बेसॉल्ट ओतला गेला, त्याच्यावरून भारताचं भूपट्ट उत्तरेला सरकत गेलं आणि मागे ज्वालामुखींची माळ राहिली: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस. आज तो हॉटस्पॉट रेयुनियन बेटाखाली आहे, असं मानलं जातं. तिथला पितों द ला फुर्नेझ अजून दर थोड्या काळाने लाव्हा ओकतो.

म्हणून मी रेयुनियनलाच गेले. सेंट लुईहून सिलाओसला जाणाऱ्या बसच्या रस्त्यावर चारशेहून जास्त वळणं आहेत. न्याहारी उतरल्यावरच करा. सिलाओसहून ब्रा-सेकच्या बसने ल ब्लॉकच्या थांब्यावर उतरलं की पितों दे नेजची वाट सुरू होते. ३,०७० मीटर, हिंदी महासागरातलं सर्वोच्च शिखर. मध्ये २,४७८ मीटरवर मुक्कामाची झोपडी आहे, जागा आधी राखून ठेवावी लागते. जागत्या ज्वालामुखीकडे मात्र बस बूर्ग-मुरापर्यंतच, पुढचे मैल तुमचे तुम्ही बघायचे.

बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. हे आधी वाचा, तिकीट नंतर काढा.

औंध

जरा उलट सूर लावतो. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पिको दो अरेइरो या शिखरावरचा सूर्योदय बघायचा तर बस नाही, गाडी किंवा टॅक्सीच. उगाच तत्त्व म्हणून अडून बसू नये. लेवादा म्हणजे डोंगरकडेने नेलेल्या पाटांच्या वाटा मात्र बसनेच कराव्यात. रिबेरो फ्रियोला उतरून पोर्तेला खिंडीपर्यंत अकरा किलोमीटर पाटाच्या कडेने चाललो, बोगद्यांसाठी विजेरी घेऊन. पोर्तेलाला मात्र आमची बस आलीच नाही. थांब्यावर माहिती नाही, विचारायला माणूस नाही. शेवटी चार अनोळखी लोकांत टॅक्सी वाटून घेतली. नंतर कळलं की सुट्टीच्या दिवसाचं वेळापत्रक वेगळं होतं.

बाणेर

जेजू, दक्षिण कोरिया. हाल्लासान १,९४७ मीटर. शहरातून २८१ नंबरची बस थेट सोंगपानाकला सोडते. तिकडून ९.६ किलोमीटर चढायचं आणि ग्वानउम्साकडे ८.७ किलोमीटर उतरायचं. आगाऊ नोंदणी लागते. जिंदाल्लेबात निवाऱ्यापाशी ठरलेल्या वेळेनंतर पोचलात तर पुढे सोडत नाहीत, 'दोनच मिनिटं उशीर झाला' वगैरे पुणेरी युक्तिवाद चालत नाही. वर खायला काही मिळत नाही. मी गूळपोळ्या नेल्या होत्या, शेजारच्या कोरियन आजोबांनी बदल्यात संत्री दिली. ग्वानउम्साकडे बस कमी असतात, त्यामुळे उतरताना रेंगाळू नका.

धायरी

भारी चाललंय. आमचा सराव ५० नंबरच्या पीएमपीने सिंहगड पायथा, एवढाच! मे महिन्यात आई-बाबांना घेऊन तेनेरिफेला जायचं आहे. बाबांचे गुडघे कुरकुरतात. सोळा किलोमीटर झेपेल का?

धागाकर्ता

धायरीकर, सोळाचा हट्ट नको. त्याच बसने पारादोरपर्यंत बसून जा, समोरच रोकेस दे गार्सियाच्या सुळक्यांचा वरचा सज्जा आहे. बाबा तिथे बसतील, तुम्ही सुळक्यांभोवतीची फेरी मारून या. तिचा शेवटचा चढ तेवढा दमवतो. आणि चारची बस चुकवू नका.