मदत हवी आहे: रायन व्हाइट पार्ट डी च्या अर्जात पोरं सांभाळायचा खर्च दाखवता येतो का?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत सरकारी ग्रँटच्या भानगडीत पडलेलं कोणी आहे का इथे? मी एका छोट्या क्लिनिकात हिशोब बघते, मूळची कॉमर्सवाली, औषधपाण्यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्याकडे एचआयव्ही असलेल्या बायका, मुलं आणि कॉलेजच्या वयाची पोरं येतात, त्यांच्यासाठी रायन व्हाइट प्रोग्रॅमच्या पार्ट डी चा अर्ज भरायचाय आणि जी बाई हे सगळं करायची ती नोकरी सोडून गेली, त्यामुळे फाईल आली माझ्या बोकांडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा केंद्र सरकारचा पैसा, १९९० च्या कायद्याने सुरू झालेला, हर्सा नावाची एजन्सी वाटते. रायन व्हाइट हा इंडियानातला मुलगा, हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) औषधातून एचआयव्हीची लागण झाली, शाळेने वर्गात येऊ दिलं नाही, कायदा व्हायच्या चारच महिने आधी गेला, १८ वर्षांचा होता. यातला पार्ट ए शहरांना, बी राज्यांना, सी दवाखान्यांना आणि डी खास बायका, बाळं, मुलं आणि २४ पर्यंतचे तरुण यांच्यासाठी. कागदावर जागोजागी 'फॅमिली सेंटर्ड केअर' लिहिलेलं असतं.

आता घोळ सांगते (ओळख पटेल असं काही लिहीत नाहीये). मागे एक पेशंट आली, सोबत तीन वर्षांचा मुलगा आणि कडेवर तान्ही. घरी आजाराचं कोणालाच माहीत नाही म्हणून पोरं ठेवणार कोणाकडे. मुलगा बीपी मशीनचा पट्टा उचकटून उचकटून परत चिकटवत बसला, त्या चर्रचर्र आवाजाने तान्ही उठली, डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल विचारलं की ही मुलाकडे बघून गप्प, कारण आता त्याला बोललेलं कळतं. शेवटी रक्त न देताच गेली. म्हणून मी बजेटमध्ये पोरं सांभाळायची एक ओळ टाकली तर बॉस म्हणतात दोन्ही मुलं निगेटिव्ह आहेत, त्यांच्यावर डॉलर दाखवलास तर ऑडिटमध्ये अडकू. मला हे काही पटत नाही, आईला खोलीत निवांत बसताच येत नसेल तर फॅमिली सेंटर्ड म्हणजे काय फक्त पोस्टरवर?

तर असं काही चालतं का? शेजारणीला पैसे दिले तर? आणि ७५ टक्के पैसा उपचारांवरच घालवायचा असतो असं ऐकलं ते खरं का?

अटकमटक: अगं चालतं की! हर्साची पॉलिसी नोटीस १६-०२ प्रिंट काढ आणि बॉसच्या टेबलावर ठेव. पेशंटच्या घरात राहणारी मुलं हवीत, त्यांना लागण आहे की नाही हा प्रश्नच नाही, आईबापाला तपासणीला येता यावं एवढ्यासाठी तो खर्च. पण अधूनमधूनच हां, रोजचं डेकेअर नाही. शेजारीण किंवा नातेवाईकही चालतात, फक्त रोख रक्कम पेशंटच्या हातात द्यायची नाही. येण्याजाण्याचंही तसंच, गॅस कार्ड किंवा व्हाउचर द्या, कॅश नको. ७५ टक्क्यांचं खरं आहे पण ते ए, बी आणि सी ला, डी ला नाही. तुला जपायचाय तो अ‍ॅडमिनचा, म्हणजे ऑफिस चालवायच्या खर्चाचा, १० टक्क्यांचा कॅप, तुझा स्वतःचा पगार पण बहुतेक त्यातच बसवावा लागेल :)

आणखी एक, हा पैसा सगळ्यात शेवटी वापरायचा. मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) किंवा खाजगी इन्शुरन्स जे देतं त्याचं बिल इथे लावलंत तर मात्र बॉस म्हणतात तसं खरंच अडकाल.

झोपाळा: वरच्यांशी सहमत. बजेट नॅरेटिव्हमध्ये (प्रत्येक खर्च का हवा ते लिहायचं असतं तिथे) नुसतं 'चाइल्ड केअर' लिहून सोडू नका, किती बायका पोरांमुळे अपॉइंटमेंट चुकवतात ते तुमच्याच रजिस्टरमधून मोजून लिहा. आणि विषय थोडा वेगळा, पण सॅम डॉट गव्ह (सरकारी ग्रँट घेणाऱ्या संस्थांना जिथे नोंदणी लागते ती साइट) चं रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करावं लागतं, ते लॉगिन नक्की कोणाच्या नावावर आहे बघितलंत का? आमच्याकडे ऐन वेळी तिथेच गाडी अडली होती.

(मूळ प्रश्नकर्ती): अटकमटक, जियो! नोटीस छापली, पिवळ्या हायलायटरने रंगवून बॉसच्या खुर्चीवरच ठेवून आले. चुकलेल्या अपॉइंटमेंट उद्या मोजते.

झोपाळा, आत्ता बघितलं. लॉगिन त्या सोडून गेलेल्या बाईच्याच नावावर आहे. आता काय करू???