शब्दचर्चा : बोगद्यापुढचे पाणी – ‘जलसंकट’, ‘भूकंपीय चाचणी’ आणि ‘बोगद्याचा चेहरा’

प्रश्न (धाराशिव)
नमस्कार. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेमुळे आमच्या जिल्ह्यात बोगद्यांविषयी बरीच विचारणा होते, म्हणून ग्रामस्थांसाठी एक मराठी माहितीपत्रक तयार करत आहे. खोदकामाच्या पुढे दडलेले पाणी आधी कसे ओळखतात, हा त्याचा विषय आहे. इंग्रजी मजकुराच्या उपलब्ध भाषांतरात ‘जलसंकट’, ‘भूकंपीय चाचणी’ आणि ‘बोगद्याचा चेहरा’ असे शब्द आले आहेत. ते तसेच ठेवावेत का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगर)
ताई, ‘जलसंकट’ मुळीच ठेवू नका. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ टंचाई, आटलेल्या विहिरी आणि टँकर असाच होतो. त्यामुळे ‘बोगद्यात जलसंकटाची शक्यता’ हे वाक्य वाचणारा शेतकरी नेमका उलटा अर्थ घेईल. येथे सांगायचे आहे ते पाणी दाबाखाली एकाएकी आत घुसण्याविषयी. पाझर, धार आणि लोंढा हे तीन शब्द मराठीत चढत्या क्रमाने आधीच आहेत आणि त्यांतील ‘लोंढा’ या धोक्याला अचूक लागू पडतो. उत्तराखंडातील तपोवन-विष्णुगड प्रकल्पात २४ डिसेंबर २००९ रोजी बोगदा खोदणाऱ्या यंत्राने एक जलधारक थर फोडला, तेव्हा सेकंदाला सुमारे ७०० ते ८०० लिटर पाणी आत येऊ लागले. त्याला ‘पाझर’ म्हणणे चूक ठरेल आणि ‘संकट’ म्हटल्याने काहीच कळणार नाही. पत्रकात ‘पाण्याचा लोंढा’ लिहावे. तांत्रिक अहवालात ‘जलोद्रेक’ चालेल.

‘चेहरा’ हे तर निव्वळ शब्दाला शब्द आहे. कामावर सगळे ‘फेस’च म्हणतात. ‘बोगद्याचे तोंड’ म्हटले तर लोकांना बाहेरचे प्रवेशद्वार वाटते, म्हणून मी ‘खोदकामाची समोरची भिंत’ असे सुचवतो. शब्द लांबतो, पण घोळ राहत नाही.

माझा अधिक आग्रह क्रियापदांविषयी आहे. ‘यंत्राने पाणी शोधले’ किंवा ‘पाणी दिसले’ असे कृपया लिहू नये, कारण बोगद्यात नेहमी वापरली जाणारी यंत्रे पाणी थेट मोजत नाहीत. ती खडकाचा एखादा गुणधर्म मोजतात आणि पाण्याचा निष्कर्ष माणूस काढतो. विद्युत रोधकतेचेच, म्हणजे खडक विजेच्या प्रवाहाला किती अडवतो याचेच पाहा. कोरड्या, घट्ट काळ्या कातळाची रोधकता शेकडो ते हजारो ओहम-मीटर असते आणि भेगांत पाणी भरले की ती बरीच खाली येते. पण आपल्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये जो तांबडा, चिकणमातीचा थर सापडतो, त्याचीही रोधकता कमीच असते, आणि तो थर तर बहुधा पाणी अडवणारा असतो. म्हणजे एकाच आकड्याचे दोन परस्परविरुद्ध अर्थ निघू शकतात. विहिरीसाठी यंत्राने जागा पाहून घेतलेल्या अनेकांना याचा अनुभव असेल. म्हणून ‘पाणी असण्याचा संभव आढळला’ किंवा ‘कमी रोधकतेचा पट्टा आढळला’ असे लिहिणे प्रामाणिक ठरते.

समोरच्या भिंतीवर तारेचे वेटोळे ठेवून विजेचा झटका देतात आणि तो बंद केल्यावर खडकात उमटलेले प्रवाह कसे विरतात ते मोजतात, त्या पद्धतीला ‘क्षणिक विद्युतचुंबकीय पद्धत’ म्हणता येईल. जवळ पोलादी यंत्र असेल तर तिचे वाचन बिघडते. खडकात रेडिओलहरी सोडून परतलेल्या लहरी टिपणाऱ्या भूभेदी रडारची पोच साधारण २० ते ३० मीटर असते आणि ओल्या चिकणमातीत ती आणखी घटते.

उत्तर २ (लातूर)
‘भूकंपीय चाचणी’विषयी माझे नम्र पण ठाम मत असे आहे की हा शब्द आमच्या भागातील पत्रकात छापू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, ते पाहिलेली माणसे आजही गावोगाव आहेत. ‘तुमच्या शिवारात भूकंपीय चाचणी होणार’ असे वाचून त्यांनी काय समजावे? प्रत्यक्षात बोगद्याच्या बाजूच्या भिंतीत छिद्रे पाडून अगदी लहान सुरुंग उडवतात, त्याच्या लहरी पुढे जातात आणि खडक जेथे बदलतो तेथून परतलेल्या लहरी संवेदक टिपतात. या पद्धतीने साधारण १०० ते १५० मीटर पुढचा अंदाज येतो. ‘कंपलहरींची चाचणी’ हा शब्द पुरेसा आहे, बरोबरही आहे. पत्रकात एवढे जरूर घालावे की या लहरी दोन प्रकारच्या असतात आणि त्यांपैकी आडव्या हालचालीच्या लहरी द्रवातून जात नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रकारांच्या वेगांचे गुणोत्तर पाहिले की भेगांत पाणी भरले असावे का, याचा तर्क करता येतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. हे सगळे करूनही निष्कर्ष संभवाचाच असेल, तर खात्री कशी करतात आणि त्या क्रियेला काय म्हणावे?

उत्तर १
समोरच्या भिंतीतून पुढे लांब छिद्र घेऊन. याला ‘पूर्ववेधन छिद्र’ असा बोजड शब्द कागदोपत्री दिसतो, परंतु आपल्याकडे विहिरीच्या तळाशी कडेच्या खडकात झरा गाठण्यासाठी ‘आडवे बोअर’ घेतात, ते प्रत्येकाला ठाऊक आहे. क्रिया तीच आहे, हेतू मात्र वेगळा. विहिरीत पाणी हवे असते. येथे ते कोठे आणि किती दाबाखाली आहे हे आधी जाणून घ्यायचे असते, म्हणून छिद्राच्या तोंडाशी पाणी रोखणारी झडप बसवावी लागते. ‘पुढचे आडवे बोअर’ असे लिहा आणि झडपेचा उल्लेख वगळू नका. तसेच सच्छिद्र, पाणी धरणाऱ्या बेसाल्टला ‘मांजऱ्या खडक’ हा रूढ शब्द उपलब्ध असताना ‘कुहरी बेसाल्ट’ कशाला?

उत्तर २
‘मांजऱ्या’ला माझे पूर्ण अनुमोदन. मात्र ‘डाईक’ला ‘भिंत’ म्हणू नये, कारण समोरची भिंत तुम्ही आधीच वापरली आहे आणि वाचकाचा गोंधळ होईल. ‘खडकात घुसलेली उभी काळी पट्टी’ असे एकदा समजावून सांगावे आणि पुढे ‘डाईक’ हाच शब्द ठेवावा. तिच्या एका बाजूस पाणी अडून राहू शकते, हेही त्याच वाक्यात यावे.