गवतावरून उठणारा, चूक पोटात घालणारा फेअरवे वूड: १५, १८ की २१ अंश?

खडेबाजारवाला

नमस्कार मंडळी. वय ५२, हँडिकॅप २२ (म्हणजे खेळ बेताचाच), बेळगावात हार्डवेअरचं दुकान. त्यामुळं रविवारची सकाळ सोडली तर गोल्फला वेळ नाही. सात नंबर आयर्ननं (लोखंडी क्लबनं) चेंडू १२५-१३० यार्ड जातो, ड्रायव्हर (टीवरून सगळ्यात लांब मारायचा क्लब) बरा चाललाय, चिपिंग देवाच्या भरवशावर.

अडचण आहे ती मधल्या अंतराची. टीवरून चांगला फटका बसला तरी ग्रीन (भोकाभोवतीची हिरवळ) अजून १७०-१८० यार्ड लांब असतं आणि तिथं माझ्या बॅगेत कामाचं काही नाही. मेव्हण्यानं दिलेला जुना थ्री-वूड, म्हणजे फेअरवे वूड आहे, १५ अंशांचा (हा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या फेसचा मागं झुकाव). टीवर (खुंटीवर) ठेवून मारला तर नाव ठेवायला जागा नाही. तोच गवतावरून मारला की चेंडूचं टाळकं खरवडतो आणि चेंडू सरपटत पन्नास पावलं जातो. हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला क्लब) एक आहे, तो डावीकडं पळतो.

पोरगा दुबईला असतो, दिवाळीला येताना घेऊन येतो म्हणतोय. त्यानं तीन क्लबांचे फोटो पाठवलेत, तिन्हींवर 'मॅक्स' लिहिलंय आणि तिन्ही म्हणे सगळ्यात फॉरगिव्हिंग, म्हणजे चुकलेला फटकाही सांभाळून घेणारे. पुण्यात एका दुकानात सिम्युलेटरवर मारूनही बघितलं. विकणारा पोरगा स्क्रीनवर बोट ठेवून "सर, दोनशे दहा!" म्हणत होता. दोनशे दहा मी उभ्या जन्मात गवतावरून मारलेले नाहीत, आणि तो चेंडू दोनशे दहा गेला असं माझ्या हाताला तरी वाटलं नाही.

तर विचारायचं ते एवढंच: फॉरगिव्हिंग आहे हे ओळखायचं कशावरून? १५ चाच नवा घ्यावा की १८, २१ कडं वळावं? बजेट २५ हजारांच्या आत.

निवृत्त_फौजी

सेव्हन-वूड घ्या, २१ अंशांचा. विषय संपला.

अमेरिकन गोल्फर डस्टिन जॉन्सननं २०२० चं मास्टर्स (गोल्फची मोठी स्पर्धा) जिंकलं तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन-वूड होता. तो माणूस ड्रायव्हर तीनशेच्या पुढं मारतो. त्याला लाज वाटली नाही, मग आपण कोण लागून गेलो? थ्री-वूडचा सोस हा निव्वळ मानाचा प्रश्न करून ठेवलाय लोकांनी.

उद्यमबाग_टर्नर

फौजी साहेबांनी निकाल दिला, मी कारणं देतो. मी गोल्फचा मास्तर नव्हे. उद्यमबागेत मशीन शॉप आहे, हयात लेथवर गेली, त्यामुळं कुणाचाही क्लब हातात आला की स्विंग करायच्या आधी व्हर्नियर काढतो. लोक हसतात, हसू देत.

चेंडूचा व्यास नियमानं कमीत कमी ४२.६७ मिमी. म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या चेंडूचा मध्य साधारण २१ मिमी उंचीवर. आता तुमच्या मेव्हण्याच्या वूडच्या फेसची उंची मोजा. फेस जितका उंच तितकं हेडचं वजनाचं केंद्र वर सरकतं. टीवर चेंडूच उचललेला असतो, म्हणून तिथं तो क्लब गुणी. जमिनीवर आला की फटका बसतो फेसच्या खालच्या पट्टीत, केंद्राच्या पार खाली, आणि चेंडू उठायला तयार होत नाही. तेव्हा पहिली गोष्ट बघायची ती ही: फेस बुटका आहे का, वजन तळाला आहे का. ही काही आजची अक्कल नव्हे. नव्वदच्या दशकात अ‍ॅडम्स कंपनीचा टाइट लाइज गाजला तो याच युक्तीवर. नावातच आहे बघा, चेंडू जमिनीला चिकटून बसलाय तिथून मारायचा क्लब.

आता 'मॅक्स'. फेअरवे वूडच्या हेडचं वजन २१० ग्रॅमच्या आसपास असतं, ते फार वाढवून चालत नाही, वाढवलं तर फिरवणार कोण? मग कंपन्या करतात काय, तर वरचं टोपण स्टीलऐवजी कार्बन फायबरचं करतात आणि वाचलेले ग्रॅम मागं तळाशी नेऊन बसवतात, पुष्कळदा टंगस्टनचे. स्टीलची घनता ७.८, टंगस्टनची १९ च्या वर, इवल्याशा जागेत काम भागतं. वजन असं कडेला गेलं की फटका टाचेकडं नाहीतर टोकाकडं बसला तरी हेड गर्रकन फिरत नाही. हेडचा हा न फिरण्याचा हट्ट, हाच तो एमओआय. थाप नाही, खरा आहे. पण ड्रायव्हरचं हेड ४६० सीसीपर्यंत नेता येतं, फेअरवे वूड त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. वजन न्यायला जागाच नाही तर फायदा येणार कुठून? येतो, बेताचा येतो.

आणि खरी मेख पुढं आहे. एमओआय वाचवतो आडव्या चुकीला. तुमची चूक उभी आहे: एकदा टाळक्यावर, एकदा मागच्या मातीत. त्या चुकीला मॅक्स-बिक्स काही करत नाही. तिथं दोनच गोष्टी उपयोगी, लॉफ्ट आणि सोल (क्लबचा तळ).

लॉफ्टचं असं. १५ अंशांचा वूड साधारण ४३ इंच लांब, १८ चा साडेबेचाळीस, २१ चा बेचाळीस. कंपनीप्रमाणं थोडं इकडंतिकडं. अर्धा-एक इंच म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण मध्याला चेंडू भेटायचा तो तेवढ्यातच भेटतो किंवा चुकतो. शिवाय लॉफ्ट वाढला की मागची फिरकी वाढते, त्या मानानं बाजूची कमी पडते, म्हणजे उजवीकडं वळणारा चेंडू कमी वळतो. तुम्ही सात नंबरनं १२५ मारता. त्या वेगाला १५ आणि १८ मध्ये अंतराचा फरक जवळपास उरत नाही, कारण १५ चा हवेत राहतच नाही.

सोलकडं तर कुणी बघतच नाही. मार्च ते मे आपल्याकडं गवत नावाला असतं आणि खाली लाल मुरूम तापून सिमेंटच्या कोब्यासारखा होतो. त्यावर फार रुंद, सपाट सोल आपटून उसळतो आणि फेसची कड थेट चेंडूच्या पोटात. पावसाळ्यात हाच रुंद सोल कामाला येतो, चिखलात रुतत नाही. आपल्याला दोन्ही हंगाम खेळायचे, म्हणून मधोमध किंचित फुगीर, कडा वर उचललेला सोल बघायचा. क्लब उलटा धरून अंगठा फिरवला की कळतं. तळाला रुळासारख्या पट्ट्या (रेल) काढलेले येतात, क्लीव्हलँड कंपनीच्या हॅलोसारखे. ते रफमध्ये (उंच गवतात) छान सरकतात. कडक जमिनीवर मला तरी फरक जाणवला नाही.

राहिला पुण्याचा दोनशे दहा. मॅटवर क्लब चेंडूच्या चार बोटं मागं पडला तरी घसरत येऊन चेंडूला लागतो आणि मशीन खूश. इथं तोच फटका ढेकूळ उडवतो. तेव्हा मित्रांचे क्लब मागून आणा आणि खऱ्या गवतावर, टी न लावता, दहा-दहा चेंडू मारा. फेसवर व्हाइटबोर्डच्या मार्करनं रंग द्या, चेंडू लागेल तिथला रंग निघून येतो. सगळ्यात लांब गेलेला चेंडू मनातून काढून टाका. सगळ्यात वाईट तीन कुठं पडलेत तिथवर चालत जाऊन बघा. वाईट तीनसुद्धा पुढं सरळ गेले असतील तर तो क्लब तुमचा, मग त्यावर मॅक्स लिहिलेलं असो वा नसो.

वेंगुर्ला_रोड

टर्नर साहेबांचं सगळं मान्य, पण पावसाळ्याच्या वाऱ्याचं काय? आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, गोव्याहून आलेल्या पाहुण्यांना इथं चेंडू चार यार्ड पुढं जातो म्हणून आनंद होतो. जुलैत पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन सेव्हन-वूड मारा की एकदा, चेंडू वर जाऊन जागीच विचार करत बसतो. माझ्याकडं होता, विकून टाकला. आता १९ अंशांचा हायब्रिड वापरतो, वाऱ्याखालून जातो.

खडेबाजारवाले, तुमचा हायब्रिड डावीकडं पळतो म्हणता तर आधी चेंडू कुठं ठेवताय ते बघा. बरेच लोक हायब्रिडला वूड समजून चेंडू पुढच्या टाचेसमोर ठेवतात, तोवर फेस मिटायला (डावीकडं वळायला) लागलेला असतो. दोन बोटं मागं घ्या. शिवाय हायब्रिडचा फेस पुष्कळदा ऑफसेट (दांड्याच्या मागं सरकलेला) असतो, लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) उभा असतो, डावीकडं जायला आणि काय पाहिजे? पंचवीस हजार घालायच्या आधी हे करून बघायला पैसे पडत नाहीत.

उद्यमबाग_टर्नर

वाऱ्याचा मुद्दा खरा आहे. २१ चा पावसाळ्यात मार खातो. पण आपल्याकडं चेंडू खाली राहण्यापेक्षा सरळ राहणं जास्त मोलाचं. कोर्सची झाडी किती दाट ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या गावानं बघितलं. बिबट्या आत शिरला, आसपासच्या शाळांना सुट्ट्या दिल्या, शोधायला सक्रेबैलूच्या हत्तींच्या छावणीतून हत्ती आणले, तरी पठ्ठ्या हाताला लागेना. तिथं तुमचा-माझा चेंडू काय सापडणार!

खडेबाजारवाला

सर्वांचे आभार. रविवारी मार्करचा प्रयोग केला. फौजी साहेबांचा २१ चा आणि आमच्या ग्रुपमधल्या एका डॉक्टरांचा १८ चा मागून घेतला. माझा १५ चा होताच.

१५ चा: रंग निघाला तो सगळा फेसच्या खालच्या काठाला, एक चेंडू तर निव्वळ सोलच्या कडेनं गेला. टर्नर साहेब म्हणाले तसंच. २१ चा सगळ्यात सोपा, चेंडू असा उठला की मलाच वर बघायला वेळ लागला. पण थोडा आखूड पडतोय, १५० च्या आसपास. १८ चे चांगले चेंडू १६० च्या पुढं, आणि वाईट तीन म्हणाल तर दोन बुटके गेले पण नाकासमोर, एक उजवीकडं रफच्या तोंडाशी थांबला. बॅग वाहणारा कॅडी दर फटक्याला मागून "सावकाश होडीरी, सर" (कन्नडमध्ये, सावकाश मारा) म्हणत होता. त्याचं ऐकलं ते चेंडू तिन्ही क्लबांनी बरे गेले, हेही खरं.

हायब्रिडचा चेंडू दोन बोटं मागं घेऊन बघितला. पळणं कमी झालं, थांबलं नाही.

मन १८ वर बसलंय. आता पुढचं: पोरगा म्हणतो दुकानात स्टिफ (कडक) शाफ्टच, म्हणजे दांडाच शिल्लक आहे, तोच घेऊ का? मानेत लॉफ्ट बदलायची सोय असलेला आणि नसलेला यात किमतीचा बराच फरक आहे. आणि एका साईटवर अगदी नवा कोरा अर्ध्या किमतीला दिसतोय.

निवृत्त_फौजी

अर्ध्या किमतीचा नवा कोरा बघितला की पायाला पाय लावून पळा. नकली माल इतका हुबेहूब येतो की रंगावरून कळत नाही. मानेवरचा सीरियल नंबर कंपनीकडून खात्री करून मिळत असेल तरच पैसे काढा. जुना घ्यायचा तर ओळखीच्या माणसाचा.

१८ घ्या, हरकत नाही. १९३५ च्या मास्टर्सला अमेरिकन गोल्फर जीन साराझेननं २३५ यार्डांवरून थेट भोकात घातला तो फोर-वूडनं. थ्री-वूडवाचून त्याचं काही अडलं नाही. मात्र बॅगेत १४ च्या वर क्लब चालत नाहीत, तेव्हा एक काढावा लागेल. तुमचा चार नंबर आयर्न काढा. तो बाहेर काढलेला मी अजून पाहिलेला नाही.

उद्यमबाग_टर्नर

स्टिफ अजिबात नको. सात नंबरनं १२५ मारणाऱ्याला रेग्युलर, फार तर सीनियर (त्याहून मऊ). शाफ्टचं वजन ५०-६० ग्रॅमच्या घरात असू दे. हेड कितीही चांगलं असलं तरी वाकायला तयार नसलेला शाफ्ट चेंडू उजवीकडंच टाकणार, आणि मग तुम्ही म्हणणार टर्नरनं फसवलं. रेग्युलर नसेल तर पोराला दुसऱ्या दुकानात पाठवा, दुबईत दुकानांची वानवा नाही.

मानेतल्या सोयीला पैसे घाला असं माझं मत. पिंग कंपनीच्या जी ४३० मॅक्समध्ये १५, १८, २१, २४ असे लॉफ्ट मिळतात आणि मानेतून दीड अंश खालीवर करता येतो. १८ चा साडेएकोणीस केला की तुमचं २१ चं सुख थोडं तरी मिळेल. लॉफ्ट वाढवला की फेस जरासा मिटतो, कमी केला की उघडतो, हे लक्षात ठेवा. उजवीकडं जाणाऱ्याला मिटलेला फेस पथ्यावरच पडतो. वारा सुटला की परत १८ वर आणा, पण खेळ सुरू व्हायच्या आधी. फेरी चालू असताना हात लावायला नियमाची परवानगी नाही. अगदी नवंच मॉडेल पाहिजे असं काही नाही, मागच्याचा भाव उतरलेला असतो, तो बजेटात बसवा.

लांबीला आत्ताच हात लावू नका. महिनाभर तसाच मारा. रंग टाचेकडंच किंवा टोकाकडंच निघत राहिला तर ग्रिपच्या बाजूनं अर्धा इंच कापून देतो. तेवढं कापलं की हेड हलकं वाटायला लागतं, म्हणून मागं पाच-सहा ग्रॅम शिशाची पट्टी चिकटवायची. माझ्याकडं आहे, विकत घेऊ नका. ग्रिप मात्र नवी लागेल, ती पोराला क्लबबरोबरच घ्यायला सांगा.

आणि बॉक्समधला रेंच विसरायचा नाही. तो ठरावीक जोराला टक् करून थांबतो. साध्या एलन कीनं आवळलेले स्क्रू आणि खालेले आटे माझ्या टेबलावर येऊन पडतात, ते काढायला मला लेथ बंद ठेवावा लागतो.