मदत हवी आहे: पावसानं माजलेलं लॉन कसं कापू?

मुळशीजवळ घरापुढे दोन गुंठे हरळीचं लॉन आहे. जूनपासून कापताच आलं नाही. आता तणासकट गुडघ्याला लागतंय, बुडाशी पिवळं पडलंय. विजेचा मोअर लावला तर पात्याखाली ओल्या गवताचा गोळा अडकतो, चाकं चिखलात रुततात. ब्रश कटरला नायलॉनची तार लावून एक कोपरा साफ केला, तिथे नुसते तपकिरी खुंट उरलेत. तणनाशक नको, गवत शेजारच्या गाईंना जातं. विळ्यानं बसून कापायचं धाडस होत नाही, परवाच फुरसं (विषारी साप) दिसलं.

एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापावा हे माहीत आहे. पण एवढ्या उंचीला पहिली कापणी किती इंचांवर ठेवू, आणि दुसरी किती दिवसांनी? की आधी जमीन वाळू द्यावी?