आजीची गोधडी: भिंतीवर आणि कपाटात

आजीची जुनी गोधडी कशी जपायची, असं विचारलं की व्हॅक्यूम बॅगेत हवा काढून ठेवा, असं काही जण सुचवतात. दुलईला चालेल, गोधडीला नको. जुन्या नऊवारीचं सूत आधीच विरलेलं असतं. दाबून ठेवलं की घडीवरच फाटतं. शिवाय पुण्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये ओल अडकली की बुरशीचे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घाला. खळ अजिबात नको, तिच्यावर कसर येते. वेखंडाची पुरचुंडी ठेवायची तर कापडाला टेकू देऊ नका.

भिंतीवर लावायला चिमटे किंवा खिळे नकोत, सगळं वजन दोन-चार टाक्यांवर येतं. मागच्या बाजूला वरच्या कडेला चार इंची सुती पट्टी नळीसारखी हाताने शिवा आणि पडद्याचा दांडा ओवा. दांडा पुण्यात बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मापाने कापून मिळतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत मात्र टाळा, लाल आणि जांभळा रंग उन्हाने लवकर उडतो. वर्षभर टांगूनही ठेवू नये. दोन गोधड्या असतील तर आलटून पालटून लावा.

आणि पाहुणे आले तर खुशाल पांघरायला द्या हो!