टीव्हीवरच्या स्पर्धांनी गायक दिले, नवी गाणी कुठे आहेत?

पेटीवाला, सदाशिव पेठ
तीस वर्षं पेटीची साथ करतोय. गेल्या आठवड्यात अकरा वर्षांची एक मुलगी ऑडिशनच्या तयारीला आली. सुराला पक्की, आवाज गोड. मी मुखडा धरला तर म्हणाली, "काका, हे नको. थेट दुसरं कडवं घेऊ, तिथे वरचा पंचम आहे." दीड मिनिटात परीक्षकांना उभं करायचं, एवढंच तिला शिकवलेलं. पोरीचा काही दोष नाही. पण त्या गाण्याचा जीव मुखड्यातल्या मींडेत, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अलगद घसरत जाण्यात होता, आणि तीच तिने सोडली.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. पुणे आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे नवी गाणी करून घेतली. गदिमा लिहीत, बाबूजी चाल लावत. वर्षभरात ५६ गाण्यांचं गीतरामायण उभं राहिलं. आजच्या वाहिन्या गाजलेलीच गाणी पुन्हा गाऊन घेतात. विजेता घरी जातो तेव्हा स्वतःचं म्हणावं असं एक गाणं बहुतेकदा त्याच्याकडे नसतं.

हडपसरची आई
काका, आमच्या घरात गाणं नाही. मुलीचे बाबा शिफ्टला जातात, कुणाशी ओळख नाही. तिला मंच कोण देणार? आळंदीची कार्तिकी गायकवाड २००९ मध्ये लिटिल चॅम्प्स जिंकली ती अभंग, गौळणी गाऊन. एवढ्याशा मुलीचा तो खणखणीत आवाज एरवी किती घरांत पोचला असता? तिला बघूनच माझी मुलगी गायला लागली.

रेकॉर्डिस्ट, कोथरूड
मंच मिळतो, काम मिळेलच असं नाही. श्रेया घोषाल टीव्हीवरच्या सारेगममधून दिग्दर्शक भन्साळींच्या घरापर्यंत पोचली, आणि २००२ मध्ये त्यांच्या 'देवदास'मध्ये गायली. अरिजित मात्र २००५ च्या फेम गुरुकुलमधून बाहेर पडला, पुढे कितीतरी वर्षं संगीतकारांच्या हाताखाली राबला, आणि २०१३ मध्ये 'तुम ही हो'ने त्याचं नाव झालं. त्याला घडवलं स्टुडिओने.

आणि काका, स्वतःचं गाणं कधीच मिळालं नाही असंही नाही. इंडियन आयडॉलच्या पहिल्या विजेत्याचा, अभिजीत सावंतचा, २००५ मध्येच अल्बम निघाला. पुढे कॅसेट-सीडीचा धंदाच बसला. अल्बम विकलाच जात नसेल तर त्यात पैसे कोण घालणार?

पेटीवाला, सदाशिव पेठ
ताई, दार उघडलं हे मला मान्यच आहे. आळंदीचा आवाज ऐकून मीही रडलोय. पण दर पर्वात एक फेरी नव्या गाण्यांची ठेवायला काय हरकत आहे? पुण्यात चांगलं लिहिणारी, चाली लावणारी मुलं कमी नाहीत. एकांकिकांना काय सुंदर संगीत देतात! त्यांना कुणी विचारत नाही.

रेकॉर्डिस्ट, कोथरूड
अनोळखी गाणं लागलं की लोक चॅनल बदलतात. वाहिनीला जाहिरातींचं गणित सांभाळावं लागतं.

पेटीवाला, सदाशिव पेठ
गीतरामायणातलं प्रत्येक गाणंही पहिल्यांदा लागलं तेव्हा अनोळखीच होतं.

हडपसरची आई
तेव्हा रेडिओ सरकारी होता, काका. तिथे गाणं आवडलं नाही म्हणून कुणी गायकाला बाहेर काढत नव्हतं. इथे माझ्या मुलीने नवं गाणं घेतलं आणि मतं पडली नाहीत, तर त्याच आठवड्यात ती घरी. नवी फेरी हवीच असेल तर तिचे गुण धरू नका, आणि चाल लावणाऱ्या मुलांना वाहिनीने मानधन द्यावं. मग माझी मुलगी सगळ्यांत आधी उभी राहील.